नागपुरात स्वतंत्र घर घ्यायचं की नाही, हे कसं ठरवावं

गृहकर्ज मंजूर करण्याआधी घराची किंमत काढायला बँक ज्या इंजिनिअरला पाठवते, ते काम मी नागपुरात करते. धरमपेठेतला जुना बंगला, मानेवाड्याचं डुप्लेक्स, बेशाच्या टोकाला नुकतं उभं राहिलेलं दोन खोल्यांचं घर, असं सगळं मोजते, फायली वाचते, अहवाल देते. मी पोचते तोवर बहुतेकांचा बयाणा देऊन झालेला असतो आणि मुलांनी आपापल्या खोल्या वाटून घेतलेल्या असतात. तेव्हा काही सांगून फारसा उपयोग नसतो. म्हणून हे लिहिणं बयाणा देण्याच्या आधी थांबलेल्या माणसासाठी आहे.

स्वतंत्र घर घेताना आपण खरं तर जमीन घेत असतो. घर हे त्या जमिनीवर उभं असलेलं, दरवर्षी थोडं थोडं झिजणारं बांधकाम. फ्लॅटच्या स्कीममध्ये जमिनीची आणि बांधकामाची काळजी बिल्डर, सोसायटी, शेजारपाजारचे मालक असे बरेच जण वाटून घेतात. इथे कागद, पाया, पाणी, गडर लाईन (सांडपाण्याची), गच्ची, सगळ्याला उत्तर देणारे तुम्ही एकटेच. ते पेलवत असेल आणि करायला आवडत असेल, तर स्वतंत्र घरासारखं सुख नाही. मी स्वतः अशाच घरात राहते आणि ते सोडायची माझी इच्छा नाही. तरीही विचारायला आलेल्या प्रत्येकाला मी "घ्या" म्हणत नाही.

आधी घरात दिवसा कोण असतं ते बघा

माझ्या भाचीला हुडकेश्वरकडचं एक घर आवडलं होतं. दीड हजार फुटांचा प्लॉट, समोर पोर्च, मागे पेरूचं झाड. फोनवर म्हणाली, "मावशी, एकदा येऊन घर बघून जा ना." मी म्हटलं, "येते बाप्पा, पण आधी सांग, तुम्ही दोघं सकाळी किती वाजता निघता आणि परत कधी येता?"

दोघंही मिहानमध्ये नोकरीला. सकाळी निघाले की रात्रीच घरी. मूल पाळणाघरात, सासू-सासरे यवतमाळला. म्हणजे नळ सकाळी दहाला येणार असेल तर टाकं भरायला कोणी नाही. मीटर वाचायला आलेला माणूस, कुरियर, सेप्टिक टँक उपसणारी गाडी, बोअरची मोटर काढायला आलेला मिस्त्री, सगळे कुलूप बघून परत जाणार. दिवाळीत आठ दिवस गावाला गेलं तर घरावर नजर ठेवायला चौकीदार नाही. या गोष्टी ऐकताना बारीक वाटतात, पण स्वतंत्र घरात राहणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ यांच्यातच जातो. तिला मी सध्या मनीषनगरमधला फ्लॅट घ्यायला सांगितलं. सासू-सासरे कायमचे नागपुरात येतील तेव्हा घराचा विचार पुन्हा करायचा, असं त्यांचं ठरलं.

याच्या उलट माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. निवृत्त आई-वडील, मुलगा-सून, दोन नातवंडं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली एक खोली आणि लागूनच संडास-बाथरूम हवं. वडिलांना झाडांची आवड, घरात माणूस कायम असतो. त्यांना फ्लॅटमध्ये कोंबून काय उपयोग? त्यांना मी घरच बघायला लावलं.

दुसरा प्रश्न किती वर्षं राहणार हा. बदलीची नोकरी असेल, पुण्याला जायचं डोक्यात असेल, तर स्वतंत्र घर गळ्यात पडतं. रिकामं घर फ्लॅटपेक्षा लवकर बिघडतं, आणि मनासारखं गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. निदान दहा वर्षं इथेच राहायचं असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

घर कधी बघायला जावं

एजंट सकाळी अकराला किंवा संध्याकाळी सहाला बोलावतो. तुम्ही उन्हाळ्यात दुपारी चारला जा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, हे कोणाला नव्याने सांगायला नको. फ्लॅट मधल्या मजल्यावर असेल तर त्याच्या एक-दोन भिंतीच उन्हाला उघड्या असतात. स्वतंत्र घराच्या चारही भिंती आणि वरचा स्लॅब दिवसभर तापतो. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. वरच्या खोलीत दहा मिनिटं पंखा लावून बसा. तिथे झोपता येईल का, याचा अंदाज तेवढ्यात येतो. कूलर कुठे बसेल आणि त्याची हवा बाहेर जायला समोर खिडकी आहे का, तेही बघा. कूलरला हवा निघायची वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पश्चिमेला झाड किंवा छज्जा यांनी बराच फरक पडतो. म्हणून नुसत्या उष्णतेपायी घर नाकारू नका, खर्चात धरा.

पावसाळ्यात एकदा, जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या, जुन्या, महागड्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. पाणी जातीपातीचं, पैशाचं काही बघत नाही. ते फक्त उतार बघतं. नाग, पिवळी आणि पोहरा या तीन नद्या आणि त्यांना मिळणारे नाले शहरभर आहेत. कित्येक नाल्यांवर आता भिंती आणि स्लॅब आले आहेत, त्यामुळे नवख्याला तिथे नाला आहे हे कळतही नाही. विकणाऱ्याला विचारू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला आणि शेजारच्या आजींना विचारा: "त्या पुराच्या वेळी इथे पाणी कुठवर आलं होतं?" लोक भिंतीवर हात ठेवून नेमकी जागा दाखवतात.

त्याच वेळी रस्त्याची पातळी बघा. आपल्याकडे सिमेंट रोड होत गेले आणि बऱ्याच जुन्या घरांचं जोतं रस्त्याच्या खाली गेलं. रस्त्यावरून पोर्चमध्ये उतरावं लागत असेल, तर पावसाचं पाणीही त्याच वाटेने उतरणार. जोतं उंच करणं सोपं नाही. सहज करता येतो तो फरशीवर फरशीचा थर, आणि त्यात छत बुटकं होतं, दारं कापावी लागतात. समोरचा रस्ता अजून डांबरी असेल तर तो सिमेंटचा होईल हे धरूनच जोत्याची उंची मोजा.

नळ येण्याच्या वेळेला तिसरी फेरी. पाणी मनपाच्या लाईनचं की टँकरचं, किती वेळ, कोणत्या दाबाने, हे स्वतः उभं राहून बघा. शेजारी सगळे टुल्लू पंप लावत असतील तर दाब नाही असं समजा. बोअरवेल असेल तर मे महिन्यात किती चालते तेवढंच विचारा. श्रावणात सगळ्याच बोअर भरलेल्या असतात. शहराच्या हद्दीबाहेरच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, गडर लाईनही विचारा. लाईन नसेल तर सेप्टिक टँक कुठे आहे आणि तो उपसायला गाडी तिथवर पोचते का, हे पाहावं लागतं.

काळी माती

नागपूरच्या जमिनीत काळ्या मातीचा पट्टा मोठा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर घर दरवर्षी तेवढंच वर-खाली होतं. काही ठिकाणी हातभर खोदलं की मुरूम लागतो, काही ठिकाणी माणूसभर खोदूनही लागत नाही, आणि एकाच ले-आऊटच्या दोन टोकांना असा फरक असू शकतो. जवळपास कोणाचा पाया खोदला जात असेल तर थांबून खड्ड्यात डोकावा. यापेक्षा चांगली आणि फुकट माहिती दुसरी नाही.

घरात शिरल्यावर भेगा वाचा. प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळ्यासारख्या भेगांना घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून गेलेली भेग मात्र पायाची गोष्ट सांगते. वाल कंपाऊंड कलला आहे का, पोर्चची फरशी घरापासून सुटली आहे का, दारं चौकटीत अडकतात का, हे बघा. भेग बाहेरूनही त्याच जागी दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. घर विकायला काढताना लोक नवा रंग आणि पीओपी करतात. ताज्या रंगाच्या घरात कपाटाच्या मागची भिंत, जिन्याखालचा कोपरा आणि गच्चीवरची पॅराफीट (कठडा) बघायची, कारण तिथवर रंगारी सहसा पोचत नाही. चौकटींना स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून वाळवीही तेव्हाच तपासा.

विजेच्या तारा बघायला लोक विसरतात. घराच्या बाजूने ११ केव्हीची लाईन गेली असेल तर बांधकामाच्या सर्वांत बाहेरच्या भागापासून निदान १.२ मीटर आणि ३३ केव्हीची असेल तर २ मीटर आडवं अंतर लागतं. गॅलरी वाढवून हे अंतर खाल्लेली घरं मला नेहमी दिसतात. लहान मुलं असलेल्या घराने यात अजिबात तडजोड करू नये. लाईन हलवायला महावितरणकडे अर्ज आणि खर्च दोन्ही लागतात.

वास्तूचं मी बोलत नाही. ज्याला मानायचं त्याने मानावं, पण आग्नेयेचं स्वयंपाकघर बघून कोणी फाईल बघायची सोडू नये.

फाईल

इथे वेळ घाला. पहिला प्रश्न: ही जमीन कोणत्या प्रकारची? नागपुरात याची उत्तरं बरीच आहेत आणि प्रत्येकाचे कागद वेगळे.

नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) हे शहराचे ले-आऊट पाडणारं सरकारी मंडळ १९३६ च्या कायद्याने चालतं, आणि त्याच्या जुन्या ले-आऊटमधले बरेच प्लॉट लीजवर दिलेले आहेत. असं घर घेताना लीजची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झालं का, भूभाडं थकलं आहे का आणि हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे विचारा. शहराच्या जुन्या भागात नझूलचे प्लॉट आहेत. तिथे मालक सरकार असतं आणि घरवाला पट्टेदार. पट्ट्याच्या अटींचा भंग झालेला असेल, म्हणजे राहण्याच्या जागेत दुकान काढलं असेल किंवा परवानगीशिवाय विकलं असेल, तर त्याचा दंड पुढच्या माणसाच्या माथी येतो. आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं तरी असंच थांबायचं.

मग आमची गुंठेवारी. शेतीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करायची सोय झाली. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटना आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना. नासुप्रची ५७२ आणि १९०० ले-आऊट म्हणून जी यादी लोक सांगतात, ती या नियमितीकरणातूनच आली. अशा घराला आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, हवंच. "डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरली आहे, आरएल येतंच आहे" या वाक्यावर व्यवहार करू नका. आरएल हातात आलं की त्यातलं क्षेत्रफळ आणि विक्रीपत्रातलं क्षेत्रफळ शेजारी ठेवून वाचा. रस्त्यात गेलेला भाग आरएलमध्ये वजा झालेला असतो. विक्रीपत्रावर १५०० फूट आणि आरएलवर त्याहून कमी अशा फायली माझ्या टेबलावर वारंवार येतात. विकणारा पैसे १५०० चे मागतो, बँक किंमत आरएलप्रमाणे धरते.

आरएल प्लॉटचं असलं तरी घराचा नकाशा मंजूर हवा, आणि मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम हवं. नकाशा हातात घेऊन खोल्या मोजा. खाली दोन खोल्या मंजूर आणि वर पूर्ण मजला चढवलेला, हे फार दिसतं. हद्दीबाहेरच्या गावांत परवानगी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची लागते. ग्रामपंचायतीची कर पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. शेतजमिनीतला 'हिस्सा' विकणाऱ्याकडे तर जाऊच नका: एकाच खसऱ्यात (जमिनीच्या सर्व्हे क्रमांकात) तुमचं नाव इतर दहा नावांबरोबर चढेल, पण तुमचा तुकडा कोणता हे कोणालाच दाखवता येणार नाही.

फ्लॅट घेणाऱ्याला महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, आधार असतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि जुनं घर मालकाकडून घेताना तर तो प्रश्नच येत नाही. तिथे तुमचा आधार वकील. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायला लावा.

जुन्या घरात मालकापेक्षा वारसांची यादी महत्त्वाची. वडील गेले, घर दोघा भावांच्या ताब्यात, बहिणी लग्न होऊन अकोला आणि रायपूरला, अशा घरात बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. "ताईंची काही हरकत नाही" हे तोंडी चालत नाही. मुलगा परदेशात असेल तर आणखी दोन गोष्टी: आममुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीकडे साक्षांकित झालेलं हवं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागलेलं हवं. आणि विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या पैशातून तुम्ही कापून भरायचा आयकर, म्हणजे टीडीएस, नेहमीचा एक टक्का नसतो, बराच जास्त असतो. तो कापला नाही तर आयकर खातं तुम्हाला विचारतं. सीए गाठा.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी. चार कोपऱ्यांना खुणा लागल्यावर शेजाऱ्याचा जिना तुमच्या प्लॉटमध्ये निघाला, तर ते रजिस्ट्रीच्या आधी निघालेलं बरं.

पैशाचा हिशेब

समजा घर ७० लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे ५६ लाख कर्ज, १४ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. हिशेबाला सात टक्के धरले तर ४ लाख ९० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० लाखांवर ते ७० हजार होतात. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरायचा.

आता माझं काम इथे येतं. बँक ८० टक्के धरते ते करारातली किंमत आणि आमचं मूल्यांकन यांतल्या लहान आकड्यावर. जमिनीची किंमत आम्ही वेगळी काढतो, बांधकामाची वेगळी. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरून आणि शेवटी दहा टक्के किंमत उरते असं मानून घसारा लावला, तर २० वर्षांच्या घराचे ३० टक्के जातात. १२०० फूट बांधकाम, नव्याने बांधायचा खर्च समजा १८०० रुपये फूट, तर २१ लाख ६० हजारांचे राहिले १५ लाख १२ हजार. वरचा ६०० फुटांचा मजला नकाशात नसेल तर त्याची किंमत शून्य, म्हणजे उरले ७ लाख ५६ हजार. विकणारा मात्र दोन्ही मजल्यांचे, वर मॉड्युलर किचनचे पैसे मागत असतो. माझा अहवाल ६२ लाखांचा आला तर कर्ज ४९ लाख ६० हजारच, आणि तुमच्या खिशातून १४ ऐवजी २० लाख ४० हजार. बयाणा देण्याआधी हा हिशेब तुम्ही स्वतः करून बघू शकता.

घर घेतल्यावरही पैसे लागतात. सोसायटीचा मेंटेनन्स नसतो म्हणून लोक खूष होतात. पण मोटर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, टाक्यांची सफाई हे सगळं कोणीतरी भरतंच. माझा ठोकताळा असा की नवं बांधकाम करायला जेवढा खर्च येईल त्याचा एक टक्का दरवर्षी बाजूला ठेवावा. वरच्या उदाहरणात २१ हजार सहाशे. सोलर बसवायचं असेल तर स्वतंत्र गच्ची हा मोठा फायदा: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि वरच्या यंत्रणेला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे. उन्हाळ्यात कूलर आणि एसी चालणाऱ्या घराला ते फार उपयोगी पडतं.

नाही कधी म्हणायचं

उष्णता, जुनं वायरिंग, गळकी गच्ची, वाळवी, यांवर घासाघीस करा. खर्चाचा अंदाज मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि किमतीतून कमी करायला सांगा. गुंठेवारीचा प्लॉट असून आरएल नाही, वारसाची सही नाही, घर पुराच्या वाटेत आहे, पायाची तिरपी भेग आहे आणि इंजिनिअरला तपासू देत नाहीत, यांतलं एक जरी असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. स्वस्त असण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

सगळं जुळलं तर बयाणा पत्र करा, तेही मुद्रांकावर, चेकने आणि रक्कम लहान ठेवून. त्यात लिहून घ्या: सर्चमध्ये दोष निघाला किंवा मूळ कागद दाखवता आले नाहीत तर बयाणा पूर्ण परत, बँकेचं कर्ज नामंजूर झालं तरी परत, मोजणीत क्षेत्र कमी निघालं तर किंमत त्याच प्रमाणात कमी, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी घर रिकामं, भाडेकरू असेल तर तोही बाहेर. विकणारा यातल्या कोणत्या ओळीवर अडतो ते नीट बघा आणि ती ओळ वकिलाला दाखवा.